गोधडीकामाची खोली: मांडणी कोठून सुरू करावी?

प्रश्न : सुईदोरा

नमस्कार.

घरातील १० बाय ११ फुटांची एक खोली माझ्या शिवणकामासाठी मोकळी झाली आहे. सामान आधी आणून नंतर टेबले इकडून तिकडे ओढत बसण्यापेक्षा मांडणीचा विचार अगोदरच नीट करावा, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

आजवर मी जेवणाच्या टेबलावरच गोधड्या शिवत आले आहे. त्याच टेबलावर मॅट पसरून कापड कापायचे, मॅट उचलून मशीन मांडायचे आणि दर थोड्या वेळाने इस्त्रीसाठी आतल्या खोलीत जायचे, असा क्रम असतो. लहान गोधड्यांपर्यंत हे निभावले. आता मात्र दुहेरी पलंगावर पुरेल अशी, सुमारे ९० बाय १०० इंचांची गोधडी करायला घेतली आहे आणि दोन अडचणी प्रकर्षाने जाणवू लागल्या आहेत. पहिली शरीराची. तासभर तुकडे जोडले की मान आणि खांदे, त्यातही उजवा खांदा, आखडतात. बराच वेळ कापड कापले की कंबर धरते. माझी उंची ५ फूट २ इंच आहे, टेबल ३० इंच उंच आहे आणि खुर्ची त्याच टेबलाबरोबरची साधी लाकडी आहे. दुसरी अडचण वेळेची. प्रत्यक्ष शिवण्यापेक्षा शोधणे, उचलणे आणि पुन्हा पसरणे यांतच जास्त वेळ जातो.

खोलीच्या एका ११ फुटी भिंतीला खिडकी आहे आणि तिच्या समोरच्या भिंतीला, एका टोकाशी, दार आहे. दहा फुटी भिंतींपैकी एकीत भिंतीतले कपाट आहे आणि दुसरी पूर्ण मोकळी आहे.

टेबल एकच मोठे असावे की कापण्यासाठी आणि शिवण्यासाठी वेगवेगळी असावीत? इस्त्री मशीनच्या किती जवळ ठेवावी? ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले गोधडीचे चौकोन, लावून पाहण्यासाठी भिंत राखून ठेवणे खरोखर गरजेचे आहे का? दिवे कसे असावेत? अशा जागेत रोज काम करणाऱ्यांनी केवळ काय करावे एवढेच नव्हे, तर ते का करावे हेही लिहिले तर फार उपयोग होईल.

उत्तर : पाव इंच

सुईदोरा, आपण दिलेल्या मापांतच पहिल्या अडचणीचे उत्तर आहे, म्हणून आधी थोडी बेरीज-वजाबाकी करू.

साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ ते १८ इंचांवर असते. आपल्या उंचीच्या व्यक्तीचे कोपर बसल्यावर बैठकीच्या साधारण ९ इंच वर येते, म्हणजे जमिनीपासून सुमारे २६ ते २७ इंचांवर. टेबल ३० इंचांचे. त्यावर मशीन ठेवले की कापड ज्या सपाट भागावरून सरकते तो भाग आणखी ३ ते ४ इंच वर जातो. म्हणजे आपले हात ३३-३४ इंचांवर काम करत आहेत आणि कोपर त्यांच्या सहा-सात इंच खाली आहे. हात एवढे वर धरायचे तर खांदे उचलावेच लागतात आणि तासभर उचललेले खांदे दुखणारच. शिवताना हात कोपराच्या पातळीवर किंवा किंचित वर असावेत आणि खांदे सैल पडलेले असावेत, एवढे साधले तरी निम्मा त्रास कमी होईल.

यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला आणि अधिक चांगला मार्ग म्हणजे टेबलाच्या फळीत मशीनच्या मापाची खाच पाडून खाली एक फळी बसवणे आणि मशीन त्या खाचेत असे उतरवणे की त्याचा सपाट भाग आणि टेबल एका पातळीत येतील. कोणताही सुतार हे काम करू शकतो. यात हात खाली येतात, आणि शिवाय गोधडीचे वजन पेलायला मशीनच्या चारही बाजूंना सपाट जागा मिळते. मोठ्या गोधडीच्या वेळी तिचे मोल कळते. दुसरा मार्ग खुर्ची वर घेण्याचा. उंची कमी-जास्त करता येणारी, हात नसलेली खुर्ची घ्यावी. मात्र खुर्ची चार-पाच इंच वर घेतली की पाय लोंबकळू लागतात आणि मांडीच्या मागच्या बाजूला बैठकीची कड रुतते, म्हणून पायांखाली रुंद पाट हवा, आणि पेडलसुद्धा त्या पाटावरच हवे. एक पाय पाटावर आणि दुसरा जमिनीवरच्या पेडलवर अशा स्थितीत कंबर एका बाजूला कलते. पेडल सरकू नये म्हणून त्याच्याखाली रबरी जाळीचा तुकडा घालावा.

उजवा खांदाच अधिक का दुखतो, याविषयी एक शंका आहे. आपण मशीनच्या मधोमध बसत असाल, तर ते तपासून पाहावे. मशीनचा मोठा भाग सुईच्या उजवीकडे असतो, त्यामुळे मशीनच्या मध्यासमोर बसणाऱ्याला सुईकडे पाहण्यासाठी सतत डावीकडे वळावे लागते. खुर्ची डावीकडे सरकवून नाक सुईच्या रेषेत येईल असे बसावे. हा बदल आजच करता येईल आणि त्याला काही खर्चही नाही.

आता कापण्याच्या टेबलाविषयी. कात्रीने कापताना टेबल थोडे बुटके असले तरी चालून जाते, कारण बळ बोटांतून लागते. रोटरी कटरचे, म्हणजे दांड्याला बसवलेल्या फिरत्या गोल पात्याचे, तसे नाही. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये तो बाजारात आणला आणि गोधडीकामाची रीतच बदलली, पण त्याबरोबर कापताना एका हाताने मोजपट्टी दाबून धरणे आणि दुसऱ्या हाताने पाते खाली दाबत पुढे ढकलणे अशी दोन कामे आली. ही दोन्ही कामे उभ्याने, खांद्याचे वजन वापरून करायची असतात. टेबल बुटके असेल तर माणूस कंबरेतून वाकतो आणि पट्टीही घसरते. उभे राहिल्यावर कोपराच्या ३ ते ४ इंच खाली टेबल असावे. आपले कोपर उभ्याने साधारण ३९ इंचांवर येईल, म्हणजे टेबल ३५ ते ३६ इंचांचे हवे. सध्याच्या टेबलाच्या पायांखाली पाच इंचांचे भक्कम ठोकळे बसवले, तर हेच टेबल कापण्यासाठी उत्तम होईल. ठोकळ्यांना पाय बसण्यापुरता खळगा मात्र असावा. म्हणून दोन टेबले हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन कामांच्या उंचीत सात-आठ इंचांचे अंतर असताना एकच टेबल दोन्हींना पुरे पडणे शक्य नाही.

वेळेच्या अडचणीसाठी एक जुनी युक्ती सुचवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंडीकामाचा अभ्यास करून एक वीट बसवण्यातल्या हालचाली १८ वरून साडेचारपर्यंत खाली आणल्या, आणि त्यातली मोठी बचत विटा वाकून उचलाव्या न लागता हाताच्या उंचीवर मिळतील अशी परांची केल्यामुळे झाली. त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ यांनी पुढे हाच विचार स्वयंपाकघराच्या मांडणीला लावला. आपल्या खोलीसाठी तो असा लावता येईल. जाड पुठ्ठ्यावर एका फुटाला एक इंच या प्रमाणात खोलीचा नकाशा काढा. मशीन, कापण्याचे टेबल, इस्त्री, कपाट आणि भिंत यांच्या जागी एकेक टाचणी टोचा. आणि एक ब्लॉक पूर्ण होईपर्यंत आपण ज्या क्रमाने फिरता त्या क्रमाने टाचण्यांभोवती दोरा फिरवा. दोरा सोडून मोजला की जितके इंच, तितके फूट आपण चाललात. ज्या दोन टाचण्यांमध्ये दोरा दाट होतो, त्या जागा जवळ आणायच्या. बहुतेकांच्या नकाशात ही जोडी मशीन आणि इस्त्री यांचीच निघते, म्हणून इस्त्रीची लहान गादी मशीनला काटकोनात, खुर्ची वळवली की हात पोहोचेल अशी असावी, असे मला वाटते.

उत्तर : उभा धागा

उंचीविषयी वर लिहिलेले पटले. मी प्रकाश आणि भिंत या दोन गोष्टींविषयी लिहिते, कारण त्या मागाहून सुचतात आणि मग दिवे बसवायला पुन्हा भिंत फोडावी लागते.

छताच्या मध्यभागी असलेला एकच दिवा गोधडीकामासाठी निरुपयोगी आहे. मशीनवर वाकले की आपल्याच डोक्याची सावली सुईवर पडते, कापायला उभे राहिले की पट्टीच्या खुणांवर पडते. कामाच्या जागांसाठी युरोपात जे प्रकाशमानक आहे, ते शिवणकामासाठी ७५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि कापडाचा रंग तपासण्यासाठी १००० लक्स प्रकाश सांगते. घरातल्या बैठकीच्या खोलीत याच्या निम्माही क्वचितच असतो. त्यात वय वाढते तशी बाहुली आकसते आणि नेत्रभिंग पिवळसर होते. विसाव्या वर्षी दृष्टिपटलावर जेवढा प्रकाश पोहोचतो त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठाव्या वर्षी पोहोचतो. त्यामुळे काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याचे टाके दिसत नसतील, तर चष्म्याचा नंबर वाढला असे मानण्याआधी दिवा वाढवून पाहावा.

माझी शिफारस अशी आहे की छताला एका बिंदूऐवजी दोन लांब पट्ट्यांचे दिवे असावेत, कापण्याच्या टेबलावर त्यांतील एक यावा आणि मशीनपाशी वळवता येणारा स्वतंत्र दिवा असावा. मशीनपाशी प्रकाश डावीकडून आणि किंचित समोरून यावा, कारण उजवीकडे मशीनचाच खांब आड येतो. दिव्यांच्या खोक्यावर दोन आकडे पाहावेत. रंगतापमान, म्हणजे प्रकाश पिवळट की निळसर हे सांगणारा आकडा, ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान असावे आणि रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० किंवा त्याहून अधिक असावा. दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. दोन निळे तुकडे पिवळ्या दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि सकाळी खिडकीपाशी नेले की एक जांभळट आणि दुसरा हिरवट निघतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. दोन रंगद्रव्ये एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात जुळत नाहीत, एवढेच त्यामागचे कारण आहे. खोलीतले सर्व दिवे एकाच रंगतापमानाचे घेतले नाहीत, तर हाच घोळ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना रोज होतो.

ब्लॉक लावून पाहण्याची भिंत गरजेची आहे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ठाम होकार आहे, आणि तिच्यासाठी कपाटाची जागा गेली तरी चालेल. जमिनीवर मांडलेली गोधडी आपण तिरकस कोनातून पाहतो; जवळचे ब्लॉक मोठे आणि दूरचे लहान दिसतात, रंगांचा तोल समजत नाही, आणि कोणी चालत गेले की मांडणी विस्कटते. भिंतीवर पांढरे किंवा करडे फ्लॅनेल ताणून लावले की सुती तुकडे त्याला टाचणीशिवाय चिकटून राहतात, कारण दोन्ही कापडांचे तंतू एकमेकांत अडकतात. टाचण्या टोचता याव्यात असे वाटत असेल, तर फ्लॅनेलच्या मागे थर्मोकोलची किंवा फोमची इंचभर जाडीची पाटी घ्यावी. पाहताना ६ ते ८ फूट मागे जाता आले पाहिजे. आपल्या खोलीत खिडकीसमोरची, दाराच्या बाजूची भिंत मला योग्य वाटते, कारण खिडकीपाशी उभे राहिले की पुरेसे अंतर मिळते आणि दिवसाचा प्रकाश थेट भिंतीवर पडतो. मात्र ऊन सरळ येत असेल, तर काम नसताना पडदा ओढलेला असावा. आठवडेच्या आठवडे लावून ठेवलेले तुकडे उन्हाने विटतात.

मांडणी झाली की तिचे कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. रंग बाजूला झाले की गडद आणि फिके यांचा तोल लगेच दिसतो, आणि एका कोपऱ्यात गडद तुकड्यांची गर्दी झाली असेल तर ती लपत नाही.

उत्तर : तुरपाई

पाव इंच यांच्या जवळजवळ सगळ्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण इस्त्री हाताच्या अंतरावर असावी हा सल्ला मला घातक वाटतो.

तुकडे जोडणारा माणूस एकाच स्थितीत बसतो, मान खाली, दृष्टी एका बिंदूवर, उजव्या पायाचा घोटा सतत ताणलेला. या स्थितीतून त्याला उठवणारे एकमेव काम म्हणजे इस्त्री. तेही बसल्याबसल्या होऊ लागले, तर दोन तास कसे गेले हे कळतही नाही. इस्त्री दोन-तीन पावलांवर, उभे राहून करण्याच्या उंचीवर असावी आणि वेळेची बचत जागेने न करता कामाच्या क्रमाने करावी, असे माझे मत आहे. एक जोडी शिवली, दोरा तोडला, इस्त्री केली, पुन्हा बसले, असे न करता सगळ्या जोड्या दोरा न तोडता एकामागून एक साखळीसारख्या शिवून काढाव्यात आणि मग ती माळ उचलून इस्त्रीच्या टेबलावर न्यावी. वीस-पंचवीस जोड्यांसाठी एकदाच उठावे लागते. तेवढे उठणे शरीराला हवेच असते.

उभ्याने इस्त्री करण्याचे कामाच्या दृष्टीनेही कारण आहे. गोधडीकामात इस्त्री घासायची नसते, वरून उचलून दाबायची असते. बसून हात पुढे करून इस्त्री फिरवली की ती आपोआप घासली जाते, आणि तिरक्या धाग्यात कापलेले त्रिकोण ताणले जातात. पाव इंचाची माया जपून शिवलेला ब्लॉक इस्त्रीखाली वाकडा होतो आणि दोष मात्र शिलाईला दिला जातो.

विजेविषयी एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगते. घरगुती मशीनला साधारण १०० वॅट किंवा त्याहूनही कमी वीज लागते. इस्त्री मात्र साधारण १००० वॅटच्या आसपास असते आणि वाफेची इस्त्री त्याच्या दुपटीपर्यंत जाते. दोन्ही एकाच बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत. इस्त्रीला भिंतीतला स्वतंत्र, जड भाराचा सॉकेट हवा आणि तिची वायर चालण्याच्या वाटेत येता कामा नये. खोली अजून रिकामी आहे तोवरच हे काम विजेच्या जाणकाराकडून करून घ्यावे. इस्त्रीची लोकरीची गादी वापरणार असाल, तर तिच्याखाली प्लायवुडची फळी घाला, कारण ती गादी उष्णता आणि ओल दोन्ही खाली सोडते आणि टेबलाचे पॉलिश जाते. कापण्याची मॅट तर इस्त्रीपासून दूरच असावी. उष्णतेने एकदा वाकलेली मॅट पुन्हा सपाट होत नाही.

उत्तर : पाव इंच

तुरपाई यांचा आक्षेप रास्त आहे आणि साखळीने शिवताना त्यांचीच पद्धत योग्य ठरेल. मात्र कागदावर शिवण्याच्या पद्धतीत, म्हणजे छापील कागदाच्या आधाराने तुकडे जोडताना, प्रत्येक रेषेनंतर शिवण दाबावी लागते, आणि तेथे दर दोन मिनिटांनी उठणे शक्य नसते. अशा कामासाठी हातभर अंतरावर लहान गादी असावी आणि तिच्यासोबत वीस-तीस मिनिटांनी वाजणारा गजर असावा. मोठी इस्त्री उभ्याची, लहान गादी बसल्याजागची, अशा दोन सोयी वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्नकर्तीचे म्हणणे : सुईदोरा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. खुर्ची सरकवून सुईसमोर बसून पाहिले आणि फरक लगेच जाणवला; मी खरोखरच मशीनच्या मधोमध बसत होते.

उत्तरे वाचून एक आराखडा केला आहे. मशीनचे टेबल मोकळ्या दहा फुटी भिंतीला लावून त्याचे डावे टोक खिडकीच्या भिंतीला टेकवायचे, म्हणजे खिडकी डाव्या हाताला येईल. कापण्याचे टेबल ठोकळ्यांवर चढवून कपाटाच्या बाजूला, तीन बाजूंनी फिरता येईल असे ठेवायचे. दाराच्या भिंतीवर फ्लॅनेल लावायचे. आता दोन शंका उरतात. तीन थर एकत्र टाचायला आणि नंतर त्यांवर मशीनने क्विल्टिंग करायला, म्हणजे तिन्ही थर टाक्यांनी कायमचे शिवायला, या खोलीत जागा पुरेल का? आणि मी डावखुरी आहे, हे पूर्वी लिहायचे राहिले. तसे असताना हा सगळा आराखडा आरशात पाहिल्यासारखा उलटा करावा का?

उत्तर : धावदोरा

मोठ्या गोधड्यांचे काम मी नेहमी करतो, म्हणून पहिल्या शंकेविषयी लिहितो.

९० बाय १०० इंचांची गोधडी जमिनीवर पसरायची, तर अस्तर आणि बॅटिंग (मधला मऊ भराव) चारही बाजूंनी तीन-चार इंच जास्त धरून जवळपास ८ बाय ९ फुटांची मोकळी फरशी लागते, आणि ती आपल्या खोलीत टेबलांसह मिळणार नाही. मिळाली तरी गुडघ्यांवर रांगत सेफ्टी पिना लावणे कंबरेसाठी वाईटच. ३५ इंचांचे आपले कापण्याचे टेबल या कामाला अगदी योग्य उंचीचे आहे. अस्तराचा मध्य आणि टेबलाचा मध्य जुळवावा. टेबलाच्या मध्यावर चिकटपट्टीखाली एखादी काडी ठेवली, तर कापडाच्या तीन थरांतूनही ती बोटांना लागते. अस्तर उलटे पसरून टेबलाच्या कडांना कागदाच्या मोठ्या क्लिपांनी किंचित ताणून धरावे, त्यावर बॅटिंग आणि वरचा थर घालावा, हाताच्या पंजाएवढ्या, म्हणजे साधारण ४ इंचांच्या अंतरावर पिना लावाव्यात आणि तेवढा भाग झाला की क्लिपा सोडून पुढचा भाग टेबलावर ओढून घ्यावा. अस्तर टेबलावरून खाली लोंबत असल्यामुळे त्याच्या वजनाने ते आपोआप सपाट राहते. गोंदाचा फवारा वापरणार असाल, तर तो खिडक्या उघड्या ठेवूनच वापरावा आणि मशीन झाकून ठेवावे.

टेबल याहून अरुंद असेल, तर दोन लांब, सरळ फळ्यांची रीत आहे. एका फळीवर वरचा थर आणि दुसरीवर अस्तर गुंडाळायचे, दोन्ही थोडेथोडे उलगडत त्यांच्या मध्ये बॅटिंग घालायची आणि कच्च्या टाक्यांनी टाचत जायचे. वेळ अधिक लागतो, पण टेबलाची लांबी गोधडीच्या रुंदीएवढी असली की काम होते आणि सुरकुती जवळजवळ पडतच नाही.

मशीनवर क्विल्टिंग करताना खरी लढाई वजनाशी असते. बहुतेक घरगुती मशीनमध्ये सुईपासून उजव्या खांबापर्यंत सहा ते नऊ इंच मोकळी जागा असते, आणि मध्यभाग शिवताना ४५ इंच रुंदीची अर्धी गोधडी त्या जागेत कोंबावी लागते. उरलेली अर्धी डावीकडे टेबलाच्या कडेवरून खाली लोंबली, तर ती सुईपाशी कापड ओढते. टाका मध्येच लहान, मध्येच मोठा पडतो, आणि ओढ जास्त असेल तर सुईच वाकून तुटते. म्हणून डावीकडे आणि मागे मशीनच्या पातळीची सपाट जागा हवी. टेबलाचे डावे टोक भिंतीला टेकवण्याचा आपला विचार याच कारणासाठी उत्तम आहे, कारण डावीकडे भिंत आणि मागेही भिंत असल्यामुळे गोधडी कोणत्याच कडेवरून घसरणार नाही. टेबल निदान पाच फूट लांब असावे आणि मशीन त्याच्या उजव्या भागात असावे. गोधडी घट्ट गुंडाळण्यापेक्षा मशीनभोवती सैल ढिगासारखी ठेवावी. गुंडाळी ताठ होते आणि वळवताना दोन्ही हातांना झटावे लागते. रबरी बोटांचे पातळ हातमोजे घातले, तर कापड ढकलायला निम्मे बळ पुरते, आणि मनगट वाचते.

हेही जड वाटले, तर गोधडी तीन उभ्या पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्टीचे क्विल्टिंग वेगळे करावे आणि शेवटी पट्ट्या जोडाव्यात. लहान मशीनवर मोठी गोधडी करण्याचा हा मला सर्वांत समाधानकारक वाटणारा मार्ग आहे.

उत्तर : तुरपाई

साठवणीविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. सर्व कापडे एकाच मापात घडी करावीत. सहा इंच रुंद मोजपट्टीभोवती कापड गुंडाळून मोजपट्टी ओढून घेतली की प्रत्येक घडी सारखी येते, मग ती पन्हा ४४ इंचांचे मोठे कापड असो की लहान तुकडा. घड्या एकावर एक न रचता खणात उभ्या लावाव्यात, म्हणजे खालची ओढताना वरची रास कोसळत नाही आणि प्रत्येक कापडाची कड दिसते. उघड्या मांडणीपेक्षा दाराचे कपाट चांगले, कारण प्रकाशाने कापड घडीच्या रेषेवरच विटते आणि नेमका मधला भाग वाया जातो. लाकडातील आम्लाने कापडावर पिवळे डाग पडतात, म्हणून कच्च्या फळीवर आम्लरहित कागद किंवा धुतलेले सुती कापड अंथरावे. धुतलेले कापड पूर्ण वाळल्याशिवाय झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवू नये.

उरलेले तुकडे वाढत जातात आणि त्यांच्या पिशव्या कोणी उघडत नाही. काम संपले की त्याच दिवशी त्यांचे अडीच इंची पट्ट्या आणि पाच इंची चौकोन असे ठरावीक मापांत कापून वेगळे डबे करावेत. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर आणि खांदा यांच्या दरम्यान, क्वचित लागणाऱ्या वर, जड वस्तू खाली. मोजपट्ट्या भिंतीला टांगाव्यात. झिजलेली पाती आणि वाकड्या सुयांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा टेबलाजवळच हवा. मशीनची सुई साधारण आठ तासांच्या शिवणानंतर बदलायची असते, त्यामुळे तो लवकर भरतो.

उत्तर : पाव इंच

डावखुरेपणाविषयी. आराखडा सरसकट उलटा करू नये. डावखुऱ्यांसाठी मशीन वेगळे नसते. त्याचा खांब उजवीकडेच राहणार, गोधडीचे वजन डावीकडेच येणार आणि सुईवरचा प्रकाशही डावीकडूनच यायला हवा. म्हणून मशीनचे टेबल आपण ठरवले आहे तेथेच राहू द्यावे.

बदल कापण्याच्या टेबलापाशी हवा. आपण मोजपट्टी उजव्या हाताने दाबणार आणि तिच्या डाव्या कडेने कापणार, त्यामुळे तेथला दिवा उजवीकडून यावा, नाहीतर आपल्याच हाताची सावली पट्टीच्या कडेवर पडेल. रोटरी कटरचे पाते नेहमी पट्टीला टेकलेले असावे लागते. सरळ दांड्याच्या कटरला ते उजव्या हाताच्या लोकांसाठी बसवलेले येते, म्हणून स्क्रू सोडून ते दुसऱ्या बाजूने बसवून घ्यावे. तसे न करता डाव्या हाताने कापले, तर पाते आणि पट्टी यांच्यामध्ये दांड्याची जाडी येते आणि कापलेली प्रत्येक पट्टी केसभर जास्त रुंद निघते. एका ब्लॉकमध्ये ते लक्षात येत नाही, पण ९० इंचांच्या रांगेत ओळी जुळेनाशा होतात.

इस्त्रीचा प्रश्न थोडा अवघड आहे. आपल्याला इस्त्री टेकवायची जागा डाव्या हाताला हवी, आणि मशीनची डावी बाजू तर गोधडीसाठी राखलेली आहे. यावर उपाय असा की लहान गादी चाकांच्या कप्प्यावर ठेवावी. तुकडे जोडताना तो कप्पा डावीकडे ओढून घ्यावा, आणि क्विल्टिंग सुरू झाले की इस्त्री लागतच नसल्यामुळे तो कपाटापाशी ढकलून द्यावा. चाकांना खटके असलेलाच कप्पा घ्या. तापलेली इस्त्री घेऊन सरकणारे टेबल नको. मोठ्या इस्त्रीचे टेबल उभे करताना त्याचे निमुळते टोक उजवीकडे आणि इस्त्री ठेवण्याचा भाग डावीकडे येईल असे वळवावे. विजेचा सॉकेट ठरवण्याआधी एकदा तेथे उभे राहून, हात फिरवून, वायर कोणत्या बाजूने येईल हे पाहून घ्यावे.